ओव्हाळांचं हेवी मेटल

शिवराम ओव्हाळांनी आपल्या मुलीची कॅसेट पुसली हे खरं, पण मुद्दाम पुसली नाही, हे ते मार्चपासून सगळ्या कॉलनीला सांगत होते. कॉलनीला ते पटलंही होतं. पटलं नव्हतं ते फक्त मुलीला, आणि पटवायचं होतं तिलाच.

झालं होतं असं. ओव्हाळ अंबरनाथला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासनीस. तोफगोळ्यांची पितळी नळकांडी पट्ट्यावरून यायची, ओव्हाळ त्यांना मापाचं गेज लावायचे, आतबाहेर बघायचे आणि बुडाशी शिक्का मारायचे. त्यांचा शिक्का बसला की वरचे साहेबसुद्धा पुन्हा बघत नसत. अशा माणसाला सेफ्टी वीकमध्ये भाषण करायला सांगितलं तर तो ते मनावर घेणारच. (दारूगोळा बनवणाऱ्या ठिकाणी सुरक्षिततेवर भाषण, यात हसण्यासारखं काही नाही. तुटली तर बोटं आपलीच तुटतात.) आपलं बोलणं कसं वाटतं ते आधी टेप करून ऐकावं, असं त्यांच्या मनात आलं. घरात कोरी कॅसेट नव्हती. मुलीच्या, अंजनीच्या, कपाटात एक होती, पण तिच्या वरच्या खाचा मोकळ्या होत्या, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होईना. शेजारच्या विष्णुपंतांनी गॅलरीतूनच तोडगा सांगितला.

"अहो ओव्हाळ, खाचांवर सेलोटेप चिकटवा की झालं!"

विष्णुपंत फॅक्टरीच्या अकाउंट्सला होते आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असायचा. तोडग्यानंतर जे व्हायचं त्यावर मात्र नसायचा.

अंजनी उल्हासनगरला कॉलेजात होती. पुढच्याच रविवारी तिनं मैत्रिणींना मोठ्या कौतुकानं घरी आणलं, टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. गिटार कडाडली, ड्रम धडधडले, गाणारा आता छाती फाडून ओरडणार, तेवढ्यात आवाज आला, "आदरणीय जनरल मॅनेजरसाहेब, मंचावरील मान्यवर आणि माझ्या कामगार बंधूंनो…"

मैत्रिणी हसून हसून गादीवर लोळल्या. अंजनी हसली नाही. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "बाबा, निदान विचारायचं तरी." त्यानंतर अबोला.

अबोला म्हणजे कडक. "आई, त्यांना सांग, चहा निवतोय." हे 'ते' हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले असायचे. "आई, त्यांना सांग, डबा भरलाय." शालनबाई वैतागल्या. "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का गं? बापाला तोंड आहे, तुला तोंड आहे, मध्ये माझ्या जिवाला घोर!" पण अंजनी ओव्हाळांचीच मुलगी. एकदा शिक्का मारला की मारला.

ओव्हाळांना दुसरं काहीही नको होतं. पोरीनं एकदा 'बाबा' म्हणावं, भांडायला का होईना, बस्स. उद्या हिचं लग्न होईल, सासरहून पत्र येईल आणि त्यातही 'आई, त्यांना सांग, मी खुशाल आहे' असंच असेल, हे मनात आलं की ते ताटावरून उठायचे.

मग त्यांनी ठरवलं, तशीच कॅसेट नवी आणून द्यायची. कव्हर खिशात घालून ते उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या पहलाजसेठच्या दुकानात गेले. बँडचं नाव काय, हे त्यांना सांगता येईना, कारण कव्हरवर नाव होतं पण ते माणसांनी वाचावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. अक्षरांना काटे फुटले होते, काट्यांना फांद्या. खाली लष्करी टोपी घातलेला एक सांगाडा सॅल्यूट ठोकत होता. पहलाजसेठनं कव्हर बघितलं आणि मान हलवली.

"साईं, ये तो बंबई से एकही पीस आया था. वो लडकी कितना झिकझिक करके ले गयी. अब नही मिलेगा. कॉपी चाहिये तो ओरिजिनल लाओ."

"ओरिजिनलच पुसली गेलीय ना, एका बाजूवर माझं भाषण बसलंय," ओव्हाळ म्हणाले.

"तो कॉपी किसकी करू? आपके भाषण की?" पहलाजसेठ हसला, पण ओव्हाळांचा चेहरा बघून त्यानं लगेच त्यांच्यासाठी चहा मागवला. "अरे साईं, दिल छोटा मत करो. एक बाजू गयी, दुसरी तो है? आधा माल सलामत है. पेहेले आधा माल तो देखो, क्या है."

घरी येताना विष्णुपंत जिन्यातच भेटले. त्यांनी कव्हरवरच्या सांगाड्याकडे बघून डोळे मिटले. "अहो, हे सैतानाचं संगीत. मी रविवारच्या पुरवणीत वाचलंय. हे ऐकणारी पोरं पुढे आईबापांना विचारत नाहीत."

"ती आत्ताच विचारत नाही," ओव्हाळ म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच कीव आली.

अंजनी बदलापूरला हेंद्रेपाड्यात मावशीकडे गेली होती, तेव्हा ओव्हाळांनी दार लावून घेतलं आणि उरलेला आधा माल लावला. पहिल्या फटक्याला शालनबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. फॅक्टरीत प्रेस शॉपमध्ये असाच आवाज येतो, फक्त तिथे कानात घालायला बोळे देतात. ओव्हाळ हलले नाहीत. कव्हरच्या आत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत गाण्याचे शब्द छापलेले होते. त्यांनी भिंग घेतलं, डिक्शनरी घेतली, आणि सैतान शोधायला सुरुवात केली.

सैतान काही सापडेना. सापडला तो तोफगोळा. गाणं चक्क तोफगोळा गात होता! ओव्हाळ एकेक शब्द लावत गेले आणि वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मराठीत उतरवत गेले:

*ज्यानं घडवलं मला, तो घरी गेला जेवायला,*
*मीही निघालो घरीच कुणाच्या, कुणी ना सांगितलं मला.*
*कुणाचं घर? कुणाचं घर?*

ओव्हाळांनी भिंग खाली ठेवलं. इतकी वर्षं नळकांडं गेजमध्ये बसतं की नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पलीकडे ते कुणाच्या घरात शिरणार, हा प्रश्न त्यांच्या टेबलापर्यंत कधी आलाच नव्हता, आणि आला असता तरी त्यांनी तो वरच्या साहेबांकडे पाठवला असता. शालनबाईंनी जेवायला हाक मारली. 'तो घरी गेला जेवायला' ही ओळ समोर असताना उठायची त्यांना चक्क लाज वाटली. पण भूक लागली होती, म्हणून उठले.

जेवताना ते एकदम म्हणाले, "अगं, पोरगी आरडाओरडा ऐकते असं वाटायचं मला. हे तर पंचशीलातलं पहिलंच शील आहे! हत्या करू नका. फक्त जरा जोरात सांगितलंय."

"मग तिला सांगा तसं," शालनबाई म्हणाल्या.

"ती ऐकते कुठे माझं?" ओव्हाळ म्हणाले, आणि घास हातातच राहिला. बुद्ध जयंती महिन्यावर आली होती. ओव्हाळ जयंती कमिटीचे सेक्रेटरी होते. पोरीचं गाणं सगळ्या कॉलनीसमोर, स्टेजवर, मानानं लावायचं! मग बघू कशी बोलत नाही.

माणसाला चांगली कल्पना सुचली की त्यानं दोन दिवस झोपून राहावं. ओव्हाळांनी त्याच संध्याकाळी विहारात मीटिंग बोलावली.

कमिटीचे अध्यक्ष भगवानभाऊ शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जय भीम, ओव्हाळ. आपल्याकडे वंदना असते, व्याख्यान असतं, खीर असते. आता हे मध्येच काय?"

"भाऊ, हेवी मेटल. विषय शांतीचा आहे."

"शांतीचा आहे तर तो ओरडतो कशाला?"

"शांतपणे सांगून कुणी ऐकलंय का भाऊ, अडीच हजार वर्षं?"

भगवानभाऊंनी मूर्तीकडे बघितलं, मग ओव्हाळांकडे बघितलं, आणि गाणं मंजूर केलं. अटी दोन. गाणं मराठीत पाहिजे, आणि वाजवायला वेगळी पार्टी आणायची नाही. मिरवणुकीसाठी चामटोलीची बेंजो पार्टी ठरवलेलीच आहे, तीच वाजवील.

आता बेंजो म्हणजे काय ते ज्यानं इकडची हळद बघितली आहे त्याला सांगायला नको. बटणं दाबायची, तारा छेडायच्या, आवाज कर्ण्यातून बाहेर, आणि पाहुणे अंगणात. ओव्हाळ टेपरेकॉर्डर घेऊन चामटोलीला चांगो मास्तरांकडे गेले. गिटारचा तो भयंकर आवाज ऐकून मास्तर उठून जातील अशी त्यांची खात्री होती. मास्तरांनी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, विडी विझवली आणि म्हणाले, "ह्यो तं आपलाच बेंजो हाय! कर्णा फाटलाय, येवढाच."

"जमेल?"

"आवो, फाटका कर्णा मिलाला पायजे ना? माझ्याकडं चार हायेत!"

वाजवायचं जमलं. गायचं जमेना. पार्टीचा गायक सोमा गोड गळ्याचा, त्याच्या गळ्यात पडलेलं प्रत्येक गाणं लग्नाचं होऊन बाहेर यायचं. 'कुणाचं घर' या ओळीवर तो अशी काही गिरकी घ्यायचा की नवरी कुठल्या घरी निघालीय असं वाटावं. ओव्हाळ म्हणायचे, "सोमा, अरे, हा तोफगोळा आहे." सोमा म्हणायचा, "हाव, हाव," आणि पुन्हा नवरी पाठवायचा.

इकडे विष्णुपंतांना झोप लागेना. "अहो ओव्हाळ, तुम्ही सरकारी नोकर. त्यातून दारूगोळ्याचे. तुम्हीच युद्धाविरुद्ध गाणं लावणार? लेखी परवानगी घ्या!" कुणीही काही विचारलं नव्हतं. गाणं गुपचूप होऊन गेलं असतं. पण सरळमार्गी माणसाला कागदाची भीती घातली की तो स्वतःच अर्ज करतो. ओव्हाळांनी केला.

अर्ज वेल्फेअरवाल्यांनी सिक्युरिटीकडे पाठवला. सिक्युरिटीच्या साहेबांनी ओव्हाळांना बोलावून विचारलं, "हे गाणं आपल्या मालाबद्दल आहे का?" ओव्हाळ म्हणाले, "नाही साहेब, विलायती मालाबद्दल आहे." साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून गाणं राजभाषा विभागात गेलं आणि तिथून शुद्ध होऊन परत आलं: 'जिस व्यक्ति द्वारा मेरा विनिर्माण किया गया, वह भोजनार्थ प्रस्थान कर चुका है।' एवढ्या मोठ्या शब्दांत काही गडबड असेल असं साहेबांना वाटलं नाही. जयंतीच्या आदल्या दिवशी परवानगी आली. युद्धाला सर्वसाधारण विरोध करण्यास हरकत नाही, मात्र कोणत्याही विशिष्ट युद्धाला विरोध करू नये, आणि उत्पादनाच्या दर्जाबद्दल गाण्यात शंका व्यक्त होऊ नये.

ओव्हाळांना शेवटचं वाक्य लागलं. "दर्जाबद्दल शंका? माझा शिक्का असताना?" ते घरी येऊन म्हणाले. मग आपण काय बोललो हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी परवानगीचा कागद घडी करून खिशात घातला.

जयंतीला मैदान भरून गेलं. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं तेल लावून चप्प. अंजनीही आईशेजारी बसली होती. गाण्याबद्दल सगळ्या कॉलनीला माहीत होतं, तिला सोडून, कारण तिला सांगायचं तर बोलावं लागलं असतं. वंदना झाली. व्याख्यान झालं, म्हणजे वक्ते दमले. खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या आणि भगवानभाऊंनी माईक हातात घेतला. "आता आपले सेक्रेटरी ओव्हाळसाहेब यांच्या प्रयत्नानं, युद्ध नको बुद्ध हवा या विषयावर, हेवी मेटल."

अंजनीच्या तोंडाजवळ गेलेला चमचा तिथेच थांबला.

चांगो मास्तरांनी बेंजोवर हात टाकला. फाटका कर्णा असा काही किंचाळला की मैदानाच्या कडेची कुत्री पळत सुटली. पण चाल तीच होती, अगदी तीच! अंजनी ताठ बसली. तिचे डोळे मोठे झाले. स्टेजच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या ओव्हाळांनी ते बघितलं आणि त्यांनी नकळत टाळी वाजवली.

मग सोमा गायला लागला.

आधी मागच्या रांगेतली पोरं उठली. मग मशीन शॉपचे तरुण. बेंजो आणि वर सोमाचा गळा, पाय कुणाचे थांबणार? हात वर, रुमाल वर, शिट्ट्या. तोफगोळा घरोघर निघाला होता आणि कॉलनी त्याच्यापुढे वरातीसारखी नाचत होती. अंजनीनं खिरीची वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा पडला. ती उठली.

"आई, त्यांना सांग, मी घरी जाते."

शालनबाईंनी एवढे महिने निरोप पोचवण्यात कधी कुचराई केली नव्हती. त्या उभ्या राहिल्या आणि भर मैदानातून ओरडल्या, "अहोऽऽ, ती घरी चालली!"

ओव्हाळांना पुढचं काही सुचलं नाही. त्यांनी सोमाच्या हातातला माईक हिसकावून घेतला. आयुष्यात त्रिसरणापलीकडे त्यांनी चारचौघांत सूर लावला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं आणि कॅसेटवरचा तो माणूस ओरडायचा तसे ते ओरडले, "कुणाचं घर?"

नाचणारे जागच्या जागी थिजले. तान्ही पोरं रडायला लागली. गॅलरीतले विष्णुपंत आत गेले. ओव्हाळांना मात्र समोरचं मैदान दिसतच नव्हतं. त्यांना पट्टा दिसत होता, आणि त्यावरून येणारं एकेक नळकांडं, चकचकीत, बिनचूक, बुडाशी आपला शिक्का. "कुणाचं घर?" ते पुन्हा ओरडले. चांगो मास्तरांनी डोळे उघडले, काय ते समजून घेतलं आणि बेंजोवर असा हात मारला की एक तार तुटली. "सांगा! कुणाचं घर?" ओव्हाळांचे डोळे वाहत होते, मान लाल झाली होती, आणि पुढच्या ओळीला त्यांचा घसा बसला. नुसती हवा आली. मग खोकला. सगळं मैदान तो खोकला ऐकत राहिलं.

अंजनी गेली नव्हती. ती रांगा ओलांडत आली, स्टेजवर चढली आणि माईकसमोर त्यांच्याशेजारी उभी राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, आणि माईक चालू असल्यामुळे ते सगळ्या कॉलनीनं ऐकलं, "घशातून नाही ओरडायचं. पोटातून."

ओव्हाळांनी मान हलवली. त्यांना हसू येत होतं आणि रडू आवरत नव्हतं. तिनं त्यांच्या पोटावर तळहात ठेवला, "इथून," म्हणाली, आणि मग बापलेक दोघंही असे ओरडले की विहारामागच्या वडावरचे सगळे पक्षी उडाले. या वेळी कुणी नाचलं नाही. खाली बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. कुणाचं घर हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाणं संपल्यावर भगवानभाऊ हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी खिरीच्या आधी ठेवू या. खीर कुणाच्या घशाखाली उतरेना."

सकाळी ओव्हाळ उठले तर आवाज नाही. शब्द सोडा, साधी कुजबुज निघेना. फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि आठवडाभर बोलायचं नाही म्हणून बजावलं. आणि इकडे अंजनीचं तोंड थांबेना! मार्चपासूनचं सगळं साठलेलं. बँडमधला ड्रमवाला कोण, सांगाड्याचं चित्र कुणी काढलं, आईनं रात्री दाखवलेल्या कागदातल्या 'विनिर्माण'वर ती कशी लोळून लोळून हसली, परीक्षेत काय लिहिलं, कोणत्या मैत्रिणीचं जमलंय. बाबा असं, बाबा तसं, बाबा ऐका ना! ओव्हाळ खुर्चीत बसून ऐकत होते. प्रत्येक 'बाबा'ला त्यांना उत्तर द्यायचं होतं आणि घशातून हूं की चूं होत नव्हतं. इतकं सुख आणि इतकी पंचाईत त्यांना एकदम कधी झाली नव्हती.

संध्याकाळी ती मिठाचं कोमट पाणी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, एक विचारू? तुम्ही ज्याच्यावर शिक्का मारता ना, ते पुढे जातं कुठे?"

एवढे महिने ओव्हाळांनी पोरीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मनात तयार ठेवली होती. कॅसेट का घेतली, का विचारलं नाही, सगळ्याची. या प्रश्नाचं नव्हतं. आवाज असता तरी नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

अंजनीनं पेला त्यांच्या हातात दिला.

"गुळण्या करा आधी," ती म्हणाली. "आवाज परत आला की साहेबांना विचारा. आणि बाबा, पोटातून विचारा."